तारवाली भिंगरी : तिचा मुलूख आणि तिचे बिऱ्हाड

(कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



सकाळपासून आपण पाणीवाटप, उसाचा खोडवा आणि खतांच्या मात्रा या विषयांवर बरेच ऐकले. आता जेवणाआधीचा अर्धा तास मला मिळाला आहे आणि मी बोलणार आहे एका पाखराबद्दल. काहींना वाटेल की हा विषय शाळेतल्या मुलांसाठी ठीक आहे, आमच्या काय कामाचा? पण ज्या पाखराबद्दल मी बोलणार आहे ते तुमच्या चारीवर, तुमच्या मोरीखाली, तुमच्याच चिखलाचे घर बांधून राहते. जंगलात नव्हे, अभयारण्यात नव्हे, तर लाभक्षेत्रात. म्हणून त्याचे बरेवाईट वन खात्यापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

या पाखराचे नाव तारवाली भिंगरी. एखाद्याचे पाय एका जागी ठरत नसले की आपण म्हणतो, याच्या पायाला भिंगरी लागली आहे. या पक्ष्याला उडताना पाहिले की हे नाव किती चपखल आहे ते पटते.

भिंगरी ओळखावी कशी?

आकार चिमणीएवढा, वजन दहा ते पंधरा ग्रॅमच्या आसपास. डोक्यावर तांबूस-तपकिरी टोपी, पाठ आणि पंख पोलादासारखे निळे-काळे चकाकणारे आणि हनुवटीपासून शेपटीपर्यंत सगळे पोट स्वच्छ पांढरे. शेपटीच्या दोन्ही बाजूंचे शेवटचे पीस बारीक होत होत तारेसारखे लांब जाते. नराच्या तारा लांब, मादीच्या आखूड. पिल्लांना या तारा नसतात आणि त्यांची टोपीही मळकट असते. उडताना तारा चटकन दिसत नाहीत, परंतु विजेच्या तारेवर बसली की बारकाईने पाहिल्यास दिसतात.

आपल्याकडे हिच्या नात्यातले आणि हिच्यासारखे दिसणारे इतरही पक्षी आहेत. त्यांत गल्लत होऊ नये म्हणून थोडक्यात सांगतो.

हिवाळ्यात तारांवर रांगेने बसणाऱ्या ज्या शेकडो भिंगऱ्या दिसतात, त्यांतील बहुतेक उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या असतात. त्यांचा गळा तांबडा आणि त्याखाली काळसर पट्टा असतो. उन्हाळा लागला की त्या परत जातात. कमरेवर तांबूस डाग आणि पोटावर बारीक रेघोट्या असलेली ती लालबुडी भिंगरी. ती चिखलाचे सुरईसारखे, लांब तोंडाचे घरटे बांधते. मोठ्या पुलांखाली आणि धरणांच्या भिंतींवर दाटीवाटीने शेकडो घरटी लटकलेली दिसतात ती रेघाळ गळ्याच्या भिंगरीची. किल्ल्यांच्या तटाला व जुन्या वाड्यांना धरून असते ती काळपट, आखूड शेपटीची कड्यावरची पाकोळी. आणि कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे पंख घेऊन उंच आभाळात ओरडत फिरणारी जी खरी पाकोळी, ती भिंगरीच्या कुळातील नव्हे. तिच्या पायांची ठेवण अशी असते की तिला तारेवर किंवा फांदीवर बसताच येत नाही. तेव्हा खूण लक्षात ठेवा : तारेवर बसली, पोट पांढरे, टोपी तांबूस, आणि आसपास पाणी, तर ती तारवाली भिंगरी.

दोन खंडांत पसरलेला मुलूख

या भिंगरीचे शास्त्रीय नाव हिरुंडो स्मिथाय. हे स्मिथ कोण? क्रिस्टेन स्मिथ हे नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८१६ साली आफ्रिकेतील काँगो नदीच्या शोधासाठी कॅप्टन टकी यांच्याबरोबर जी मोहीम गेली, तीत ते होते. तापाने त्या मोहिमेची वाताहत केली. टकी आणि स्मिथ दोघेही तिथेच दगावले. पण तिकडून जमवलेले नमुने इंग्लंडला पोहोचले आणि लीच या प्राणिशास्त्रज्ञाने १८१८ साली या भिंगरीचे वर्णन करून तिला स्मिथ यांचे नाव दिले. म्हणजे आपल्या चारीवरचे हे पाखरू शास्त्राला प्रथम माहीत झाले ते काँगो नदीवरून.

हिचा मुलूख दोन मोठ्या तुकड्यांत विभागलेला आहे. पहिला तुकडा आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला. पश्चिमेकडील सेनेगलपासून पूर्वेकडे इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. दुसरा तुकडा आशियात. मध्य आशियाचा दक्षिण भाग, अफगाणिस्तान, पाकिस्तानातील सिंधूचे खोरे, मग आपला भारत आणि पुढे म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनामपर्यंत. आशियातील भिंगरी आकाराने थोडी मोठी आणि तिच्या तारा आफ्रिकेतील बहिणीपेक्षा लांब. म्हणून शास्त्रज्ञ तिला वेगळी उपजात मानतात. त्या उपजातीच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘धागा बाळगणारी’ असा आहे.

या विस्तारावर नजर टाकली तर तिला काय हवे आणि काय नको हे कळते. घनदाट, सलग जंगल तिला नको, कारण तिथे उडत शिकार करायला मोकळी हवा मिळत नाही. पाण्याविना कोरडे वाळवंटही नको. तिला हवा मोकळा मुलूख आणि त्यात वाहते किंवा साचलेले पाणी : नदी, ओढा, तलाव, कालवा, भातखाचर.

ती मुख्यतः उष्ण प्रदेशातील असल्यामुळे बहुतेक ठिकाणी वर्षभर एकाच जागी राहते. मात्र तिच्या मुलखाच्या उत्तर टोकाला, म्हणजे पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य व उत्तर भागात, थंडी वाढली आणि उडते किडे कमी झाले की ती दक्षिणेकडे सरकते आणि उन्हाळ्यात परत येते. आपल्या महाराष्ट्रात ती बारमाही रहिवासी आहे. पाहुणी नव्हे, आपल्या गावची आहे.

पाणी, छप्पर, चिखल आणि मोकळी हवा

कोणत्याही पिकाला जमीन, पाणी, हवामान आणि अन्नद्रव्ये यांचा मेळ लागतो. यांतले एक कमी पडले तर बाकीचे कितीही दिले तरी उपयोग नाही. भिंगरीचेही तसेच आहे. तिला एकाच ठिकाणी चार गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट पाणी. पाण्यातून सतत चिलटे, डास, बारीक माश्या असे किडे जन्म घेऊन वर येतात. भिंगरी पाण्याला जवळजवळ छाती लावून उडते आणि त्यांना हवेतल्या हवेत टिपते. पाणीही ती उडता उडताच पिते.

दुसरी गोष्ट पाण्यावरचे छप्पर. ती आपले घरटे खडकाच्या कपारीखाली, पुलाच्या कमानीखाली, मोरीच्या फरशीखाली, विहिरीच्या बांधकामात, बहुधा थेट पाण्याच्या वर आणि फार उंच नाही असे बांधते. मांजर, मुंगूस किंवा उंदीर यांना तिथे सहज पोहोचता येत नाही. वरून पाऊस आणि ऊन लागत नाही. घरटे अर्ध्या वाटीसारखे, भिंतीला चिकटवलेले.

तिसरी गोष्ट चिखल, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. भिंगरीच्या घरट्याला काटक्या नसतात. चोचीत मावेल एवढी चिखलाची गोळी आणायची, ती भिंतीला लावायची, थोडी वाळू द्यायची, मग पुढची. नर-मादी दोघेही राबतात. आत गवताची काडी आणि पिसे अंथरतात. पुष्कळदा ती आपल्याच कोंबड्यांची असतात. हा चिखल फार पातळ असून चालत नाही आणि कोरडाही चालत नाही. कुंभाराला जसा हवा तसा हवा. म्हणून पाण्याला ओली, उतरती मातीची कड हवी.

चौथी गोष्ट मोकळी हवा, म्हणजे आजूबाजूला शेत, कुरण, पडीक रान. उंच दाट झाडी नको.

आता हा चार गोष्टींचा मेळ निसर्गात कुठे जुळतो? खडकाळ पात्राच्या नदीवर. पूर्वी भिंगरी तिथेच राहत असणार. पण माणसाने पाटबंधारे बांधले आणि हाच मेळ मैलोन्‌मैल तयार झाला. पुण्याजवळचे खडकवासला धरण १८७९ साली पूर्ण झाले, प्रवरेवरचे भंडारदरा १९२६ साली, गोदावरीवरचे जायकवाडी १९७६ साली. या प्रत्येक धरणामागे कालवे आले, कालव्यांमागे चाऱ्या आल्या आणि प्रत्येक चारीवर बैलगाडी जाण्यासाठी मोऱ्या आल्या. दगडी मोरी, खाली पाणी, कडेला चिखल, भोवती मोकळे शेत. आपण बांधले पाण्यासाठी, पण भिंगरीलाही घर मिळाले. दक्षिण आफ्रिकेतही पूल आणि धरणे वाढली तशी हिला राहायला नव्या जागा मिळाल्या.

एक स्वभाव मात्र लक्षात ठेवला पाहिजे. रेघाळ गळ्याची भिंगरी वसाहत करून राहते, ही तशी राहत नाही. एका मोरीखाली बहुधा एकच जोडी. दुसरी जोडी आलीच तर नर तिला पिटाळून लावतो. म्हणून एका मोठ्या पुलाने हिचे भागत नाही. हिला विखुरलेल्या लहान लहान मोऱ्या लागतात. एक मोरी गेली की एक बिऱ्हाड गेले, असा सरळ हिशेब आहे.

माझ्या हातून झालेली चूक

माझे वडील कालव्याखालचे शेतकरी. मी कृषी महाविद्यालयात शिकत असताना उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो होतो. आमच्या चारीवरची दगडी मोरी गाळाने निम्मी भरली होती. आवर्तन सुटण्याआधी ती साफ करण्याचे काम माझ्याकडे आले. गाळ काढून झाल्यावर मोरीची फरशी खरवडताना बांबूच्या टोकाला एक घरटे लागले आणि खाली पडले. त्यात तीन पिल्ले होती. पिसेही फुटली नव्हती. ती जगली नाहीत.

मला त्यावेळी त्याचे विशेष वाटले नाही. संध्याकाळी आईला सहज सांगितले. ती चुलीपुढून म्हणाली, “अरे, तिची बाळंतिणीची खोली पाडलीस की तू.” एवढेच. पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती जोडी त्याच मोरीखाली पुन्हा घिरट्या घालू लागली. पण कालवा अजून बंद होता, चारी कोरडी होती. चिखल कुठून आणणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाहिले तर विहिरीजवळ आमच्या धुणे धुण्याच्या दगडापाशी, जिथे पाणी सांडून थोडी ओल राहायची, तिथे त्या दोघी-दोघांची ये-जा सुरू होती. आई मुद्दाम बादलीभर पाणी तिथे ओतू लागली. आठवडा-दहा दिवसांत घरटे उभे राहिले. मग आवर्तन सुटले. आमची मोरी बुटकी. पहिल्याच रात्री पाणी फरशीला लागले आणि घरटे विरघळून गेले.

मी बेसावध होतो म्हणून पहिले घरटे गेले. पण दुसरे का गेले? कारण पहिले योग्य वेळी बांधलेले मी पाडले आणि दुसरे बांधायला उशीर झाला. शेतीत पेरणीचा वाफसा चुकला की पुढचे सगळे वेळापत्रक चुकते, तसेच हे. त्या दिवसापासून मी या पाखराकडे लक्ष देऊन पाहू लागलो.

शेतकऱ्याला हिचा उपयोग किती?

इथे मी तुम्हाला वाढवून सांगणार नाही. भिंगरी कापसावरची बोंडअळी संपवील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अळी बोंडाच्या आत असते आणि तिचा पतंग रात्री उडतो. भिंगरी दिवसा आणि फक्त उडते किडे पकडते. तिच्या खाण्यात माश्या, डास, चिलटे, लहान भुंगेरे, पंख फुटलेल्या मुंग्या आणि वाळवी हे मुख्य. पहिल्या पावसानंतर वाळवीचे थवे जमिनीतून उठतात, तेव्हा भिंगऱ्यांची दिवाळी असते. पिकावरून उठणारे बारीक किडे ती टिपते, तसाच एखादा मित्रकीटकही तिच्या तोंडी जातो. ती निवडत बसत नाही.

आपल्या देशात पक्ष्यांच्या खाण्याचा शेतीच्या दृष्टीने अभ्यास फार पूर्वी झाला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पक्ष्यांची पोटे तपासून कोण काय खातो याची नोंद केली व ती १९१२ साली प्रसिद्ध झाली. पक्ष्याला डोळे झाकून शत्रू किंवा मित्र ठरवू नये, त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, ही दृष्टी त्या कामाने दिली. त्या कसोटीवर भिंगरीचे माप असे : ती तुमचा दाणा खात नाही, फळ टोचत नाही, कोवळा कोंब उपटत नाही. नुकसान शून्य. फायदा थोडा, पण दररोज आणि फुकट. विशेषतः गोठ्याभोवतीच्या आणि पाण्यावरच्या माश्या-डासांच्या बाबतीत.

आणखी एक उपयोग आहे. तो मला मोठा वाटतो. भिंगरी म्हणजे आपल्या शिवाराचा मापदंड आहे. पाणी, माती, हवा आणि किडे या चारही गोष्टी ठीक असतील तरच ती राहते. ज्या चारीवरून ती नाहीशी झाली, तिथे या चारांपैकी काय बिघडले ते शोधले पाहिजे.

काय बदलते आहे?

आज जगाचा विचार केला तर ही जात धोक्यात नाही. तिची संख्या चांगली आहे. पण ‘देशात आहे’ आणि ‘आपल्या शिवारात आहे’ यात फरक असतो. आपल्या शिवारात तीन गोष्टी बदलत आहेत.

एक, जुन्या दगडी मोऱ्या जाऊन तिथे सिमेंटचे गोल नळे येत आहेत. नळ्याची आतली भिंत गुळगुळीत आणि वाकडी. तिथे चिखलाची वाटी टेकवायला आधार मिळत नाही.

दोन, उघडी ओली माती कमी होत आहे. चाऱ्यांना अस्तर झाले, अनेक ठिकाणी पाणी बंद नळातून येऊ लागले, ठिबक आले. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि गावोगाव शेततळी झाली. पण प्लॅस्टिकच्या कागदाच्या तळ्याला चिखलाची कड नसते. पाणी दिसते, माती मिळत नाही. मी ठिबक सोडा असे सांगायला आलेलो नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब वाचलाच पाहिजे. मी एवढेच दाखवतो आहे की पाणी वाचवताना एक गोष्ट नकळत निसटली आहे, आणि ती भरून काढायला बादलीभर पाणी पुरते.

तीन, औषधे. हवेत उडणारे किडे खाणाऱ्या पक्ष्याला कीटकनाशकाचा फटका दोन बाजूंनी बसतो. अन्न कमी होते आणि उरलेले अन्न विषारी होते. मोनोक्रोटोफॉस हे औषध आपण सर्वांनी वापरले आहे. पक्ष्यांना ते अत्यंत घातक आहे. १९९५-९६ साली अर्जेंटिनात टोळ-नाकतोड्यांसाठी ते फवारले तेव्हा हजारो ससाणे मेले. हे पक्षी उत्तर अमेरिकेतून तिथे हिवाळ्यासाठी गेले होते. आपल्याकडे भाजीपाल्यावर त्याच्या वापरास २००५ साली बंदी आली आणि २०२३ साली त्याच्या ३६ टक्के द्रवरूप औषधावरही केंद्र सरकारने बंदी आणली. कोणाच्या घरी जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका.

आपण काय करावे?

सर्व कामे खर्चाशिवाय होण्यासारखी आहेत.

१. मोरी किंवा चारीचा पूल साफ करण्यापूर्वी खाली वाकून फरशीकडे एकदा पाहावे. विणीचा मुख्य काळ मार्च ते सप्टेंबर असतो आणि वर्षात दोनदाही वीण होते.

२. घरटे भरलेले असेल तर गाळ काढावा, पण फरशी खरवडू नये. अंड्यांवर बसण्यास सुमारे दोन ते अडीच आठवडे आणि पिल्ले उडण्यास आणखी सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे सहा आठवडे थांबले की बिऱ्हाड आपोआप मोकळे होते. रिकामे घरटेही तसेच राहू द्यावे. जोडी पुष्कळदा तेच दुरुस्त करून पुन्हा वापरते.

३. डागडुजी किंवा गिलाव्याचे काम ठेकेदाराकडून होणार असेल तर पाणीवापर संस्थेने ते विणीच्या हंगामाबाहेर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान धरण्याची विनंती करावी. आवर्तनाच्या वेळापत्रकाशी मेळ घालून हे जमते.

४. नवी मोरी बांधताना शक्य असेल तिथे चौकोनी फरशीची मोरी करावी, आणि आतल्या भिंतीत पूर्ण पाणीपातळीच्या बऱ्याच वर एखादी वीट दोन बोटे पुढे काढून ठेवावी. ही वीट घरट्याचा पाया होऊ शकते. आमच्या घरचे दुसरे घरटे बुडाले, तसे मग होणार नाही. प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

५. प्लॅस्टिकच्या शेततळ्याजवळ किंवा हौदाच्या सांडव्याखाली हातभर जागा ओली राहू द्यावी. उन्हाळ्यात तिची किंमत मोठी आहे.

६. फवारणी गरज पाहून, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच करावी. पंप आणि डबे चारीच्या पाण्यात धुऊ नयेत. याचा फायदा भिंगरीआधी तुमच्या जनावरांना आणि खालच्या शेतकऱ्याला होतो.

मंडळी, आमची ती दगडी मोरी अजून आहे. वडील गेले, आई थकली. मोरीच्या भिंतीत मी पाणीपातळीच्या वर दोन विटा बसवल्या आहेत. पहिली दोन वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या वर्षी एका विटेवर चिखलाची पहिली रांग दिसली. त्या वर्षी चारीत आवर्तन आले, पाणी वाढले आणि विटेच्या खालूनच निघून गेले. मी आईला हाताला धरून मोरीपर्यंत नेले. तिला आता नीट दिसत नाही, पण पिल्लांची चिवचिव ऐकू आली.

घरी गेल्यावर आपापल्या मोरीखाली एकदा वाकून पाहा. काही दिसले तर पुढच्या मेळाव्यात मला सांगा, आणि काही दिसले नाही तर तेही सांगा. ती नोंदही तितकीच महत्त्वाची आहे.